नव्या विद्येची ओळख : वस्तु घडवावी कोणी?

कोल्हापुरांतील शिवाजी उद्यमनगरांत ज्यांनीं एकदां फेरी मारली असेल, त्यांस फौंड्रीचें काम समजावून सांगावयास नको. लांकडी पॅटर्नचा ठसा वाळूंत घ्यावयाचा, त्यांत तापलेला रस ओतावयाचा, आणि निवल्यावर कास्टिंग बाहेर काढावयाचें. पॅटर्न एक, कास्टिंग शेंकडों. संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या घरच्या मुलामुलींच्या तोंडीं ‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’ हे शब्द आले, म्हणजे वडील मंडळींनीं ही फौंड्री आठवावी. क्लास हा तेथला साचा. ऑब्जेक्ट ही त्यावरून घडलेली वस्तु.

ही वस्तु घडवावी कोणी, हा खरा प्रश्न आहे. समजा, एका गुळाच्या व्यापाऱ्यानें संकेतस्थळ काढलें. पैसे घेण्याच्या तऱ्हा दोन : कार्ड, किंवा माल हातीं पडल्यावर रोख. संकेतस्थळाच्या प्रत्येक पानानें आपली वस्तु आपणच घडविली, तर पुढें यूपीआयची तिसरी तऱ्हा आली कीं प्रत्येक पान उघडून दुरुस्त करावें लागतें. त्यांतलें एक जरी पान नजरेंतून सुटलें, तरी गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि मागणी मात्र नोंदली जात नाहीं!

एकत्र कुटुंबांत कोठीच्या किल्ल्या एकाच हातीं कां असतात, हें आमच्या भगिनींस ठाऊकच आहे. तोच न्याय येथें. वस्तु घडविण्याचें काम एका जागीं सोंपवावें. पानांनीं फक्त ‘पैसे घेणारी वस्तु द्या’ एवढेंच म्हणावें. हाच ‘फॅक्टरी’, म्हणजे कारखाना. मात्र त्यांतून येणाऱ्या सर्व वस्तूंनीं एकच करार पाळला पाहिजे.

गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस ह्या चौघांच्या १९९४ सालच्या ग्रंथांत अशा २३ रचना वर्णिल्या आहेत. त्यांतील ‘फॅक्टरी मेथड’मध्यें कोणती वस्तु घडवावी हा निर्णय उपवर्गाकडे सोंपविलेला असतो, ‘ॲबस्ट्रॅक्ट फॅक्टरी’ एका कुळांतील वस्तु जोडीनें देते. पैसे घेणारी वस्तु एका पेढीची आणि परत करणारी दुसरीची, असा घोटाळा तिच्यामुळें टळतो.

तथापि अतिरेक वाईटच. जेथें वस्तूची तऱ्हा एकच आहे व ती बदलण्याचा संभवहि नाहीं, तेथें कारखाना उभारणें म्हणजे दोन माणसांच्या संसाराला कोठावळा ठेवण्यासारखें आहे. वाचणाराला एका ओळीचा अर्थ लावण्यासाठीं मग चार दारें ठोठवावीं लागतात. म्हणून नवशिक्यांनीं आधीं स्वतःस विचारावें : येथें उद्यां काय बदलेल? ह्या प्रश्नाला नेमकें उत्तर मिळालें तरच कारखाना काढावा. एरवीं वस्तु सरळ हातानें घडवावी, हें उत्तम.