जलाशयाभोवती सायकलीवरून

वाचकहो, सायकलीवरून सह्याद्री पाहावयाचा असेल, तर अहिल्यानगर जिल्ह्यातील भंडारदऱ्यास जावे. 1926 साली पूर्ण झालेल्या धरणाने येथे प्रवरा नदी अडविली आहे. शेंडी गावाहून निघालेला रस्ता रतनवाडी, साम्रद, घाटघर असा जलाशयास वळसा घालून पुन्हा शेंडीस येतो. रतनवाडीस अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. तेथे विसावा घ्यावा. चढावर दम लागल्यास उतरून चालण्यात कमीपणा नाही. खरी परीक्षा उताराची. भिजलेल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो. म्हणून वळण येण्यापूर्वीच वेग आवरावा व दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत. मुले सोबत असल्यास उतारावर वडीलधाऱ्यांनी पुढे राहावे. पंप व पंक्चरचे साहित्य जवळ असू द्यावे. अंधारापूर्वी शेंडीस परतावे. घरी कोणी वाट पाहत असते.