टोकियोची आरती आणि घरची केरसुणी

गेल्या वैशाखात आम्ही सहकुटुंब टोकियोला जाऊन आलो, तेव्हापासून घोडेगावात सरळ रस्त्याने चालणे मला कठीण झाले आहे. कांदा मार्केटपाशी, एस.टी.च्या थांब्यावर, घोडेश्वरीच्या देवळात, जो भेटतो तो एकच विचारतो, "गुरुजी, जपान कसं काय?" आणि मी तोंड उघडण्याच्या आत उत्तरही तोच देतो. "रस्त्यावर कागदाचा कपटा नाही म्हणे! गाडी मिनिटाला मिनिट म्हणे! पाकीट पडलं तर परत मिळतं म्हणे!" एवढे झाले की एक दीर्घ सुस्कारा आणि मग पालुपद : "नाहीतर आपले लोक!"

हे पालुपद ऐकून मी विटलो आहे. जाऊन आलेल्याने ही आरती म्हणायची आणि न गेलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या, असा आता रिवाजच पडला आहे. मलाही एका मंडळाने 'जपानकडून काय शिकावे?' या विषयावर बोलायला बोलावले. मी बोललो. पण आरती न म्हणता बोललो, त्यामुळे अर्ध्या श्रोत्यांना एकाएकी म्हशींच्या धारांची आठवण झाली आणि अध्यक्षांनी आभार लवकर उरकले. तेच बोलणे आता येथे लिहितो. दिवाळी अंकाचा वाचक चकली हातात असताना सहसा उठून जात नाही, एवढाच भरवसा.

प्रथम हे सांगितले पाहिजे की टोकियो मला मनापासून आवडले. आमचा मुलगा तिथल्या एदोगावा विभागात, निशी-कासाईला राहतो. संगणकांच्या २००० सालच्या त्या प्रसिद्ध गोंधळाच्या सुमारास आपले कितीतरी अभियंते तिथे गेले आणि वस्ती वाढत गेली. २०१९ साली तर एदोगावाच्या विभाग-सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडूनही आले. आम्ही दोघे, पुण्याची मुलगी, जावईबापू आणि त्यांचा दहा वर्षांचा चिरंजीव, अशी आमची वरात तिथे उतरली. उएनोच्या तळ्यातल्या देवळात बेंझाइतेन पाहिली. ही आपली सरस्वती, चीनमार्गे तिथवर पोहोचलेली. असाकुसाजवळच्या एका टेकडीवरच्या देवळात आपले गणराय आहेत, पण मूर्ती झाकलेली, आणि नैवेद्याला मोदक नव्हे, चक्क पांढरा मुळा! सौभाग्यवतींना हे काही केल्या पटेना. "अहो, मुळा? आणि तोही अख्खा?" असे त्या परतीच्या विमानातही म्हणत होत्या.

कपटा नाही, हेही खरेच आहे. आणि गंमत अशी की कचऱ्याची पेटीही सापडत नाही. १९९५ साली एका पंथाच्या लोकांनी तिथल्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला, तेव्हापासून सार्वजनिक जागांतल्या पेट्या बहुतेक उचलल्या गेल्या. सौभाग्यवतींनी केळ्यांच्या साली असाकुसाभर पर्समध्ये घालून मिरवल्या आणि घरी आल्यावर पर्स उन्हात ठेवली.

या साऱ्यावर आमच्या जावईबापूंचे भाष्य अखंड चालू असे. त्यांचा मोबाइल गाडीत राहिला आणि दुसऱ्या दिवशी परत मिळाला, तेव्हा त्यांचा कंठ दाटून आला. "मामा, रक्तातच आहे हो यांच्या!" शेजारी नातू उभा होता. त्याने सरळ विचारले, "आबा, मग आपल्या रक्तात काय असतं?"

जावईबापू हसले. मला हसू आले नाही. या लेखाचे कारण तो प्रश्न आहे. रक्ताची ही भाषा वरवर दुसऱ्याचे कौतुक करते आणि आतून आपल्याच पोराला सांगते की तू जन्मतःच गबाळा आहेस, तुझ्याने काही व्हायचे नाही. आणि मोठ्यांना ती फार सोयीची पडते. रक्तातच नसेल तर करायचे काय? सुस्कारा टाकला की काम संपले.

पाकिटाचेच घ्या. टोकियोत चौकाचौकात पोलिसांची लहानशी चौकी असते, तिला कोबान म्हणतात. सापडलेली वस्तू तिथे देणे सोपे, आणि कायदाही असा की मालक सापडला तर वस्तूच्या किमतीच्या पाच ते वीस टक्के बक्षीस मागता येते. तीन महिन्यांत कोणी आलेच नाही तर वस्तू बहुधा देणाऱ्याचीच होते. म्हणजे प्रामाणिकपणाला हाताशी चौकी आहे, पावती आहे. आता आमच्याकडे या. घोडेगावच्या फाट्यावरून आत वळले की शिंगणापूर. तिथल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या दारे नाहीत; २०११ साली युको बँकेने तिथे कुलूप न लावणारी शाखा उघडली. त्यांना शनीचा धाक, यांना कायद्याचा आधार. तिथे कधीच चोरी झाली नाही असे मी म्हणणार नाही, आणि टोकियोत सारे संत राहतात असेही कोणी मला सांगू नये. आमची सून सकाळी ज्या गाडीने कामाला जाते तिला बायकांसाठी एक निराळा डबा असतो. तो का लागतो, हे बायकांना सांगावे लागत नाही. व्यवस्था असते तिथे माणसे नीट वागतात, नसते तिथे वागत नाहीत. रक्ताचा रंग दोन्हीकडे तांबडाच.

आणि हे केवळ तर्काने म्हणत नाही. या तर्कावर बसून मी जेवलो आहे. एका रविवारी मुलगा आम्हांला युमेनोशिमा नावाच्या बागेत घेऊन गेला. नावाचा अर्थ 'स्वप्नांचे बेट'. मोठमोठी झाडे, काचेचे उष्णगृह, हिरवळ. आम्ही सतरंजी अंथरली आणि पोळी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी असा डबा सोडला. जेवण झाल्यावर मुलगा म्हणाला, "आई, तू आत्ता टोकियोच्या उकिरड्यावर बसली आहेस."

झाले होते ते असे. १९५७ पासून दहा वर्षे त्या शहराने आपला कचरा समुद्रात भर घालून तिथे ओतला. १९६५ च्या उन्हाळ्यात त्या 'स्वप्नांच्या बेटा'वरून माश्यांची अशी धाड उठली की शेजारच्या कोतो विभागातल्या शाळांत मुलांना बसवेना. औषध मारून भागेना, तेव्हा बेटालाच आग लावावी लागली. ऑलिंपिक होऊन एक वर्षही झाले नव्हते! आमची सारी स्तुतिस्तोत्रे ज्या आगगाडीवर बेतलेली आहेत ती शिंकानसेन १९६४ ची. वेगवान गाडी धावत होती आणि शहर माश्या हाकत होते. त्या काळी सुमिदा नदी इतकी नासली होती की तिच्या काठची शोभेच्या दारूची जुनी जत्रा बंद पडली, ती १९७८ साली पुन्हा सुरू झाली. याच बागेत एक होडी ठेवली आहे. १९५४ साली अमेरिकेच्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीची राख अंगावर पडलेल्या कोळ्यांची ती होडी. तीही पुढे याच उकिरड्यात टाकून दिलेली होती. लोकांनी आवाज उठवला म्हणून वाचली.

मग शहर साफ कसे झाले? येथे आरतीवाल्यांनी कान द्यावा. भांडून झाले! कोतोच्या लोकांनी विचारले की साऱ्या टोकियोचा कचरा आमच्याच दारावरून का? १९७१ साली राज्यपाल मिनोबे यांनी 'कचरायुद्ध' पुकारले. प्रत्येक विभागाने आपला कचरा आपल्या हद्दीत जाळावा, असे ठरू लागले. सुगिनामी हा सुखवस्तू विभाग. तिथले लोक म्हणाले, भट्टी हवी, पण आमच्या शेजारी नको. तेव्हा १९७३ साली कोतोवाल्यांनी सुगिनामीच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि परत पाठवल्या. सुखवस्तूंच्या दारात त्यांचाच कचरा पडून राहिला, वास सुटला आणि डोके ताळ्यावर आले. सुगिनामीत भट्टी झालीच.

ज्याच्या दारात घाण पडते त्याने 'नाही' म्हटले आणि ते ऐकावे लागले. टोकियोत पाहण्यासारखे मला जे दिसले त्यात हे सर्वांत वरचे, आणि ते कोणत्याही सहल-कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत नाही. आता आपण आपल्या गावांकडे पाहावे. आपला उकिरडा कोणत्या बाजूला असतो? गटार वाहत वाहत कोणाच्या उंबऱ्याशी थांबते? गावाच्या टोकाला असलेल्या ज्या वस्तीशी ते थांबते, तिने कधी 'नाही' म्हटले नाही का? म्हटले. अनेकदा म्हटले. ते आपण ऐकले का, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर रक्तात शोधून सापडणार नाही.

आता शाळेकडे वळतो, कारण माझा जन्म शाळेत गेला आणि माझे खरे दुखणे तिथेच आहे.

आमची नात तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत जाते. तिथे रोज मुले आपला वर्ग, जिना, व्हरांडा स्वतः झाडतात, पुसतात. त्यासाठी घरून फरशी पुसायचे फडके शिवून न्यायचे. त्याला झोकिन म्हणतात. नातीचे फाटले होते. आजीने जुना टॉवेल घेतला आणि गोधडीच्या टाक्यांनी असे भक्कम फडके शिवून दिले की वर्गात म्हणे त्याचे कौतुक झाले. जावईबापू हे सारे मोबाइलवर टिपत होते. "पाहा, मामा, संस्कार!" तेवढ्यात नातू म्हणाला, "आमच्या शाळेत हे मावशी करतात."

मी जावईबापूंना म्हणालो, "मग तुमच्या शाळेत सांगून पाहा. आठवड्यातून एक दिवस मुलांनी वर्ग पुसावा."

ते एकदम गंभीर झाले. "छे हो मामा! एवढी फी भरतो ती काय पोराला लादी पुसायला लावण्यासाठी?"

येथे त्यांची टिंगल करून मला सुटता आले असते. पण मी स्वतः कोण? मी ज्या एका शाळेत मुख्याध्यापक होतो, तिथे मुलेच वर्ग झाडीत. पाळ्यांचा तक्ता माझ्या हस्ताक्षरात भिंतीवर होता. पहिल्या महिन्यात एक वजनदार पालक आले आणि म्हणाले, "आमच्या पोराच्या हातात केरसुणी? गुरुजी, जरा बघून." मी बघितले. त्या मुलाला घंटेवर नेमले. मग दुसऱ्याला पाणी भरण्यावर, तिसऱ्याला खडूच्या पेटीवर. वर्ष संपेपर्यंत तक्ता भिंतीवर तसाच होता आणि केरसुणी चौघांच्या हातात उरली होती : वस्तीवरची दोन मुले आणि दोन मुली. मी हे रोज पाहत होतो. तपासनीस येत, स्वच्छतेबद्दल चांगला शेरा देत, आणि मी तो फळ्यावर लिहून काढी. त्या वर्गातल्या बाकीच्यांची नावे आता आठवत नाहीत; त्या चौघांची आठवतात.

म्हणून मी म्हणतो की आपल्याला शिस्त नाही, हे खोटे आहे. झाडायचे कोणी आणि घाण करायची कोणी, याची आपल्याकडे हजारो वर्षांची कडक शिस्त आहे! मैला माणसाने उचलू नये म्हणून १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला, तरी गटारात उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या येतच राहतात. ती माणसे कोणत्या घरची असतात, ते वाचक जाणतात. गाडगेबाबांनी गावोगाव स्वतः रस्ते झाडले, १९५६ साली ते गेले. पुढे त्यांच्या नावाने शासनाने गावांसाठी स्वच्छतेची स्पर्धा सुरू केली. समित्या येण्याच्या आदल्या दिवशी गावे लखलखताना मी पाहिली आहेत. तपासणीच्या आदल्या दिवशी माझी शाळाही लखलखे. मात्र आमच्याच जिल्ह्यातले हिवरे बाजार पाहा. दुष्काळी, भांडणांनी पोखरलेले ते गाव पोपटराव पवारांच्या काळात, १९९० पासून, लोकांच्या श्रमदानाने उभे राहिले. त्यासाठी तिथे कोणी जपानी रक्त नेऊन भरले नव्हते.

दोन दिवसांनी लक्ष्मीपूजन. आपण नवी केरसुणी आणू, तिला हळदकुंकू वाहू, तिला लक्ष्मी म्हणू. शिंदीच्या पानांची ती केरसुणी बहुतेक ठिकाणी मातंग समाजाच्या माणसाने बांधलेली असते. तिला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. ती बांधणाऱ्याला ओट्यावर बसवून चहा कोणत्या कपात देतो, हे ज्याचे त्याने आपल्या घरी पाहावे. मी माझ्या घरी पाहिले आहे. कपाटातला तो वेगळा कान तुटका कप मी जपानहून आल्यावर फोडला. फार उशीर झाला, हे मान्य.

दिवाळीला नात येते आहे. येताना फडके बरोबर आणते म्हणाली. सौभाग्यवती म्हणाल्या, "अगं, सणाला येतेस, पाहुणी तू." तर तिने फोनवरच कामांची यादी सांगितली आणि मला लिहून घ्यायला लावली. अंगण तिच्याकडे, ओटा तिच्या बाबांकडे, माजघर आजीकडे नाही, आजीला सुट्टी. संडास आबांकडे. जावईबापूही भाऊबिजेला येत आहेत. नातीने त्यांच्याकडे काय दिले आहे, ते मी त्यांना अजून कळवलेले नाही.