बटवा आणि बारा शब्द

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे आजीची लोखंडी पेटी पुढे येते. आजी जाऊन पंचवीस वर्षे झाली. पेटीत आता विम्याचे कागद आणि माझ्या एम.ए.च्या गुणपत्रिका आहेत. पण हळदकुंकवाचा मान तिचा अजून सुटलेला नाही. आजीचे खजिने दोन. कमरेला बटवा, त्यात सुपारी, लवंगा आणि चार सुटी नाणी. आणि माजघरात ही पेटी, त्यात बाकीचे सारे. बटवा चारचौघांत उघडायचा, पेटी दार लावून. तिचे अर्थशास्त्र एवढेच होते आणि त्यावर तिने चार मुलांची शिक्षणे केली.

गेल्या दिवाळीत पूजा आटोपल्यावर माझा भाचा माझ्या खोलीत आला, दार लोटून घेतले आणि हलक्या आवाजात म्हणाला, “मामा, माझे सहा शब्द सांभाळाल का?”

मराठीच्या प्राध्यापकाला याहून गोड विनंती कोणती असणार? माझ्याकडे लोक शब्द मागायला येतात ते परीक्षेच्या आदल्या रात्री, नाहीतर लग्नपत्रिका छापायच्या वेळी. ठेवायला कोणी आला नव्हता. मी हरखून विचारले, “कोणते रे शब्द?”

“इंग्रजी आहेत. माझ्या बिटकॉइनच्या वॉलेटचे.”

माझा हर्ष मावळला. पण कुतूहल जागे झाले. वॉलेट म्हणजे पैशाचे पाकीट, हा माझा समज पहिल्या पाच मिनिटांतच गेला. या पाकिटात पैसा नसतोच म्हणे! बिटकॉइनची वही 3 जानेवारी 2009 रोजी सुरू झाली. ती जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारखी लिहिलेली असते आणि कोणाच्या नावे किती, हे त्या चोपडीत. तिथेही नाव म्हणजे नुसता अक्षरांचा आणि आकड्यांचा पत्ता. आपल्या हाती असते ती फक्त त्या रकमेवर सही करण्याची किल्ली. म्हणजे वॉलेट हे पाकीट नव्हे, किल्ल्यांचा जुडगा. जुडगा कोणाच्या कमरेला असावा, एवढाच काय तो प्रश्न!

आणि हे बारा शब्द म्हणजे त्या जुडग्याचा साचा. 2048 शब्दांची एक ठरलेली यादी आहे; त्यातले बारा, काही ठिकाणी चोवीस, यंत्र निवडून देते. तो क्रम बिनचूक माहीत असला की यंत्र मोडो, हरवो, दुसऱ्या यंत्रावर सारा जुडगा पुन्हा घडवता येतो. यादी मी पाहिली. ‘अ‍ॅबॅन्डन’पासून सुरू होते आणि ‘झू’वर संपते. जपानी, कोरियन, फ्रेंच, झेक याद्याही निघाल्या आहेत. त्या मूळ संचात मराठीची मात्र नाही. माझ्यातला प्राध्यापक क्षणभर दुखावला, हे कबूल करतो.

“पण अर्धेच शब्द माझ्याकडे का?” मी विचारले.

तेव्हा खरी कहाणी बाहेर आली. पहिल्यांदा त्याने आपली शिल्लक एका एक्स्चेंजच्या खात्यातच राहू दिली होती. म्हणजे जुडगा दुकानदाराच्या कमरेला. एक दिवस पैसे काढणे बंद झाले. चार महिने खात्यावर आकडा दिसे, हाती मात्र पैसा येईना. पुढे ते सुटले. पण सगळ्यांचे सुटतातच असे नाही. टोकियोचे माउंट गॉक्स फेब्रुवारी 2014 मध्ये बुडाले तेव्हा साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे सांगण्यात आले. त्यातले दोन लाख तेवढे पुढे सापडले. आपल्याकडच्या वझीरएक्सवर जुलै 2024 मध्ये जो डल्ला पडला, तो तेवीस कोटी डॉलरच्या घरातला.

दुधाने तोंड पोळल्यावर चिरंजीवांनी ताक फुंकले ते असे, की सारी शिल्लक मोबाइलवरच्या वॉलेटात आणली. आता जुडगा स्वतःचा. पण बारा शब्द कागदावर लिहिण्याचा कंटाळा, म्हणून त्यांचा फोटो काढून त्याच मोबाइलमध्ये ठेवला. पावसाळ्यात खडकवासल्याला मित्रांबरोबर गेला आणि मोबाइल पाण्यात. किल्लीही तिथे, साचाही तिथे. सत्तर हजार रुपये गेले. त्या सार्वजनिक वहीत ते आजही दिसतात. हात लावता येत नाही, इतकेच. आईला त्याने यातले अक्षर सांगितले नव्हते.

वेल्समधल्या न्यूपोर्टच्या एका गृहस्थाची गत याहून वाईट. 2013 मध्ये कचऱ्यात गेलेल्या त्याच्या हार्ड डिस्कवर सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली होती. कचराडेपो उकरू द्या, म्हणून तो न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी 2025 मध्ये दावा फेटाळला गेला.

आता तो नव्याने मांडणी करीत होता आणि ती ऐकताना मला आजी आठवत होती. खर्चाला मोबाइलवरचे वॉलेट. त्यात खिशात घेऊन हिंडावे तेवढेच. तसा आपल्याकडे त्याचा खर्च तो काय? भाजीवाली यूपीआय घेते, बिटकॉइन घेत नाही. आणि 2022 च्या अर्थसंकल्पाने त्यावरच्या नफ्याला तीस टक्के कर लावला. परदेशातल्या एखाद्या सेवेचे चार पैसे चुकते करायचे, एवढाच त्याचा बटवा. बचतीला मात्र वेगळे छोटे यंत्र. प्रागच्या एका कंपनीने 2014 मध्ये ‘ट्रेझर’ नावाने असे यंत्र विकायला आणले, तेव्हापासून हा प्रकार रुळला. त्यातली किल्ली इंटरनेटवर जातच नाही. सही यंत्राच्या आत होते.

“यंत्र बनवणाऱ्याकडूनच घ्यायचं, जुनं नाही,” तो सांगू लागला. “शब्द आधीच छापून आले तर समजायचं, फसवणूक आहे. ते आपल्यासमोर निघाले पाहिजेत. फोटो नाही, ई-मेल नाही, हाताने कागदावर. आणि कोणी मदतनीस म्हणून फोनवर मागितले तर द्यायचे नाहीत. आधी पाचशे रुपयांचं टाकायचं, यंत्र पुसून टाकायचं आणि शब्दांवरून परत उभं करून बघायचं. जमलं तरच बाकीचं.”

“आणि सहा-सहा शब्द?”

“सहा तुमच्याकडे, सहा माझ्या मित्राकडे. एकट्याला कोणालाच चोरता येणार नाही.”

गणितात मी कच्चा. पण समास सोडवलेले आहेत. “अरे, माझा कागद वाळवीने खाल्ला तर? मित्र अमेरिकेला गेला तर? दोनपैकी एक हरवला की दोन्ही गेले. त्यापेक्षा पुरे बारा शब्द दोन ठिकाणी ठेव. एक तुझ्या लॉकरमध्ये. दुसरा ताईकडे.”

तो गप्प झाला. मग म्हणाला, “आईला नको.”

ताईचे यजमान 2019 साली अचानक गेले, तेव्हा त्यांच्या बँकेच्या लॉकरची किल्ली कोणाला सापडेना. अकरा महिने मी ताईबरोबर खेटे घातले. मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, प्रतिज्ञापत्रे. अखेर लॉकर उघडला. कारण टेबलापलीकडे कोणी माणूस होता, त्याच्यापुढे अर्ज करता येत होता. भाच्याच्या पेटीपलीकडे कोणीच नाही. ज्याच्या हाती कागद, त्याचे धन. कागद नाही, तर दाखल्यांची चळत घेऊन जायचे कोणाकडे? चोराच्या भयाने पेटी इतकी पक्की केली, की घरच्यांनाही ती उघडू नये, तर चोरीला गेली काय नि राहिली काय!

मी एवढेच म्हणालो, “शब्द मी ठेवणार नाही. भाऊबीजेला येतो आहे. तोवर तू आईला सांग.”

भाऊबीजेला ताई पुऱ्या तळत होती. भाचा ओट्यापाशी उभा राहिला आणि त्याने सारे सांगितले, सत्तर हजारांसकट. ताईने कढईतली पुरी उलटवली, काढली आणि गॅस बारीक केला.

“पैसे गेले ते कळलं,” ती म्हणाली. “पण इतके दिवस एकटाच कुढत बसलास, ते का?”

त्याला उत्तर देता येईना. मीही बशीतल्या वेलदोड्याकडे पाहत राहिलो.

“आण तो कागद,” ती पदराला हात पुसत म्हणाली. “तुझ्या बाबांच्या किल्लीसारखं मला पुन्हा शोधायचं नाही.”

ओवाळताना तबकात माझ्या पाकिटाशेजारी दुसरे एक बंद पाकीट पडले. माझी ओवाळणी इतकी किरकोळ कधी दिसली नव्हती. ताईने ते कोठे ठेवले, हे मला ठाऊक आहे. पण येथे लिहिणार नाही, कारण दिवाळी अंक सगळेच वाचतात. आजीच्या पेटीत नाही, एवढे सांगतो.