एकच भाव आणि फोन उचलणारा माणूस

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त आहे आमच्या दारात आलेल्या नव्या गाडीचं. फोटो नातेवाइकांना आधीच पाठवलेत, त्यामुळे गाडीचं कौतुक इथे करत नाही. ती घेताना काय काय झालं आणि त्यावरून डोक्यात काय चक्र सुरू झालं, ते सांगतो.

गाडी हौसेनं घेतली नाही. मागच्या वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आगाशीहून विरारला फिजिओथेरपीला जायचं तर रिक्षात चढताना तिला पाय वर उचलता येईना. दर खेपेला तिचा चेहरा बघून मीच म्हटलं, आता गाडी घ्यायची. ऑगस्ट २०२५ मध्ये बुकिंग केलं. नशीब बघा, सप्टेंबरच्या सुरुवातीला जीएसटी कमी झाल्याची बातमी आली. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्के अधिक सेस होता तो थेट १८ टक्के झाला. म्हटलं, आईचा पायगुण!

पण शोरूममध्ये गेलो तेव्हा हातात आला तो 'ऑन-रोड'चा कागद. गाडीची किंमत आणि रोड टॅक्स यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्याखाली हँडलिंग चार्जेस साडेआठ हजार, मी न मागितलेलं अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज आणि विमा एकेचाळीस हजार. माझा भाचा दुसऱ्या एका कंपनीच्या शोरूममध्ये सेल्सला आहे. तो फोनवर हळूच म्हणाला, "मामा, विमा बाहेरून विचारा." विचारला. तेवढंच संरक्षण, एकोणतीस हजार!

मग जुंपली. सेल्सवाला मुलगा म्हणे, बाहेरचा विमा घेतला तर कॅशलेस मिळणार नाही. हे खरं नाही. विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार असला की कॅशलेस मिळतं, पॉलिसी कुणी विकली याचा त्याच्याशी संबंध नाही. विमा कुठून घ्यायचा हे ठरवायचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे. तासभर वाद घातला, आवाजही चढला माझा. शेवटी हँडलिंग गेलं, पॅकेज गेलं, विमा बाहेरचा आला. दसऱ्याला गाडी घरी आली. विजयादशमीच ती :-)

रात्री भाचा पेढे खायला आला. मी फुशारकीनं सगळं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "मामा, तुमच्यासारखी चार गिऱ्हाइकं आली की माझा महिना गेला." मग त्यानं हिशेब उलगडला. डीलर कंपनीकडून गाड्या विकत घेतो, त्याही बँकेच्या कर्जावर. गाडी यार्डात उभी राहिली की रोज व्याज चढतं. गाडीच्या विक्रीत सुटतं थोडं आणि त्यातलंही बरंचसं सवलतीत जातं. म्हणून पोट भरायचं ते विमा, कर्ज, अ‍ॅक्सेसरीज आणि सर्व्हिसिंगवर. पोरांचा पगार जेमतेम, बाकी सगळा इन्सेंटिव्ह. महिनाअखेरीला सवलत का वाढते आणि एकाच गाडीला तुम्हाला एक भाव आणि तुमच्या मेव्हण्याला दुसरा का मिळतो, याचं उत्तर यातच आहे.

आता ही पद्धत बदलायला लागली आहे. मर्सिडीज-बेंझनं ऑक्टोबर २०२१ मध्ये भारतात थेट विक्री सुरू केली. गाड्यांचा साठा कंपनीचा, बिल कंपनीचं, देशभर किंमत एक. डीलर गाडी दाखवतो, ताब्यात देतो, सर्व्हिसिंग करतो आणि त्याचं ठरलेलं कमिशन घेतो. टेस्लानं जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात शोरूम उघडलं, तिथे तर मधे डीलरच नाही. तुम्ही म्हणाल, या गाड्यांशी आपला काय संबंध? खरंय. पण वरून आलेली पद्धत हळूहळू खाली झिरपते. आज ना उद्या आपल्या छोट्या गाड्यांपर्यंतही ती येईल असं मला वाटतं.

पहिल्यांदा वाटलं, येऊ दे की! घासाघीस नको, फसवणूक नको. माझ्यासारखा भांडणारा बारा हजार वाचवतो आणि न भांडणारी एखादी मावशी तेच बारा हजार मुकाट भरते, हा कुठला न्याय? एकच भाव हा साध्या माणसाचा फायदा आहे. आपल्या वडिलांच्या पिढीनं तर फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघितली आणि ज्यांना घाई होती त्यांनी वर 'ऑन'चे पैसे मोजले. त्या मानानं आपण सुखीच.

पण नोव्हेंबरमध्ये एक प्रसंग घडला. सकाळी आईची अपॉइंटमेंट, ती गाडीत बसलेली आणि गाडी सुरूच होईना. कंपनीच्या हेल्पलाइनवर वीस मिनिटं संगीत ऐकलं. शेवटी लाज गुंडाळून त्याच सेल्सवाल्या मुलाला फोन केला, ज्याच्यावर मी आवाज चढवला होता. दुसऱ्या रिंगला उचलला. "काका, काकूंना उन्हात बसवू नका, मी माणूस पाठवतो." पाऊण तासात मेकॅनिक बोळिंजमार्गे आमच्या आळीत हजर. बॅटरीचं कनेक्शन सैल होतं, एवढंच.

त्या पाऊण तासात मला बाबांचे दिवस आठवले. वाडीतली केळी आणि फुलं दलालामार्फत जायची. दलाल कमिशन कापतो म्हणून बाबा त्याला शिव्या द्यायचे. पण ताईच्या लग्नात उचल दिली ती त्यानंच. मधला माणूस काढला की त्याचं कमिशन वाचतं, पण त्याच्याबरोबर आणखी काय जातं ते नंतर कळतं.

इलेक्ट्रिक स्कूटरचंच बघा. ओला इलेक्ट्रिकनं डीलर न ठेवता थेट विक्री केली आणि गाड्या भराभर खपल्या. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये दहा हजारांहून जास्त तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोटीस काढली. बहुतेक तक्रारी सोडवल्या असं कंपनीनं कळवलं. पण मला त्यातून दिसतं ते एवढंच, की विकणं फोनवरून जमतं, दुरुस्तीला मात्र जवळ माणूस लागतो.

म्हणून माझं मत असं: किंमत एक असावी, कागदावर प्रत्येक ओळीचा खुलासा असावा, आणि शोरूममधल्या पोराला पगार असा मिळावा की त्याला माझ्या विम्यावर पोट भरावं लागू नये. थेट विक्रीत वाचलेला पैसा नुसता कंपनीच्या खिशात जाणार असेल आणि भाच्यासारखी पोरं घरी बसणार असतील, तर तो सौदा मला स्वस्त वाटत नाही.

तोवर, गाडी घेणाऱ्यांनी दोन गोष्टी कराच. ऑन-रोडचा कागद घरी आणून ओळीओळीनं वाचा आणि विम्याचा भाव बाहेर विचारा. भांडा जरूर, पण समोरच्या पोराशी नको, कागदाशी भांडा. हे मला उशिरा कळलं.

परवा सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा त्या मुलासाठी आगाशीची सुकेळी नेली होती. तो जरा ओशाळला, मग म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी विमा आमच्याकडून बघा हं, भाव लावून देतो." मीही हसलो.

बघीन म्हटलं. पण आधी बाहेर विचारीनच!