आम्ही राबायला चालतो, मग कायम का नाही?

‘पोरं सांभाळणं, त्यात कसलं आलंय काम?’ टाकव्यापासून खांडीपर्यंत आंदर मावळात अंगणवाडीच्या प्रश्नावर फिरताना हे मी पुरुषांकडूनच नव्हे, बायांकडूनही ऐकते. मैत्रिणींनो, याच वाक्यावर सरकारचं फावतं.

कॅनडात घरकामाला, मुलं सांभाळायला परदेशातून आलेल्या बायांनी १९७०च्या दशकाअखेरीस विचारलं: राबायला आम्ही चालतो, मग राहायला का नाही? त्या लढ्यामुळे १९८१पासून दोन वर्षं काम केलेल्या बाईला कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येऊ लागला. अटी जाचक होत्या: मालकाच्याच घरी राहायचं, स्वतःची मुलं मायदेशी ठेवायची. तरी या कामातून हक्क निर्माण होतो, हे तिथल्या सरकारला मानावं लागलं.

आणि आपल्याकडे? अंगणवाडी योजना १९७५ची. पन्नास वर्षं उलटली, सेविका-मदतनीस अजून ‘मानसेवी’च! पगार नाही, मानधन. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडून मिळवावा लागला.

आमच्या डोंगरातल्या सेविकेला परदेश नको. तिला आपल्याच देशात कायम कामगाराचा दर्जा हवा. सेवेचं कौतुक पुरे, वेतनश्रेणी द्या!