बोलणं झालं याचा पुरावा काय? हॅम रेडिओची क्यूएसएल कार्डं, टपाल आणि सर्व्हर

२०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय टपाल खात्यानं अमेरिकेला जाणारं टपाल घेणं थांबवलं. अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या मालावरची शुल्कमाफी काढून टाकली होती आणि नवं शुल्क कुणी, कसं गोळा करायचं हे विमान कंपन्यांना कळत नव्हतं. आधी फक्त पार्सलं थांबली, मग महिनाअखेरीस साधी पत्रंही बंद झाली. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला.

बातम्या आल्या त्या निर्यातदारांच्या. पण याच टपालातून हॅम रेडिओवाल्यांची क्यूएसएल कार्डंही जातात. तुम्ही म्हणाल, व्हॉट्सअॅपच्या जमान्यात पोस्टकार्ड कोण पाठवतं? तर या लोकांनी कार्डाला ऑनलाइन पर्याय २००३ पासूनच उभा केलाय. आणि २०२४ मध्ये तो पर्यायही दीड महिना बंद पडला होता! या दोन घटना एकत्र पाहिल्या की एक प्रश्न समोर येतो, जो रेडिओला हात न लावणाऱ्यांनाही लागू आहे: आपल्या कामाचा पुरावा नक्की कुणाच्या ताब्यात असतो?

क्यूएसएल म्हणजे काय?

हॅम रेडिओ म्हणजे परीक्षा देऊन, सरकारी लायसन्स घेऊन छंद म्हणून चालवलेलं रेडिओ स्टेशन. प्रत्येकाला जगात एकमेव असा कॉलसाइन मिळतो. भारतातले बहुतेक कॉलसाइन व्हीयू२ किंवा व्हीयू३ नं सुरू होतात.

तारायंत्राच्या काळात लांबलचक वाक्यं वाचवायला तीन अक्षरी कोड ठरवले गेले. त्यातल्या क्यूएसएलचा अर्थ ‘तुमचा संदेश मिळाला’. पुढे ही पोच कार्डावर छापून पाठवायची पद्धत पडली. कार्डावर दोघांचे कॉलसाइन, तारीख, वेळ, बँड, बोलण्याची पद्धत आणि सिग्नल कसा ऐकू आला त्याचे आकडे, एवढंच असतं. मागच्या बाजूला गावचा फोटो वगैरे ज्याची त्याची हौस.

वेळ मात्र कायम यूटीसीमध्ये लिहायची. आपण साडेपाच तास पुढे आहोत. म्हणजे ११ तारखेला रात्री २ वाजता बोलणं झालं, तर कार्डावर १० तारीख आणि २०:३० वेळ येणार. इथे चूक झाली तर समोरच्याच्या वहीत ती नोंद सापडतच नाही.

आता एवढा खटाटोप कशासाठी? कारण यावर मानाचे पुरस्कार ठरतात. अमेरिकेतल्या एआरआरएल या संस्थेचा डीएक्ससीसी हा त्यातला सगळ्यात नावाजलेला. किमान १०० ‘एंटिटी’शी बोलल्याचा पुरावा दिला की तो मिळतो. एंटिटी म्हणजे देशच असं नाही. अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप इथे भारतापासून वेगळे मोजले जातात आणि तिथून क्वचितच कुणी प्रसारण करतं, त्यामुळे तिथलं कार्ड म्हणजे खजिनाच. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांची टीम अंदमानातून प्रसारण करत होती, तेव्हा जगभरातून लोक त्यांना गाठायला धडपडत होते. त्याच महिन्यात त्सुनामी आली आणि तेच रेडिओ मदतकार्यासाठी वापरले गेले.

कार्ड पाठवायचे रस्ते

पहिला रस्ता थेट टपाल. लिफाफ्यात आपलं कार्ड, आपला पत्ता लिहिलेला दुसरा लिफाफा आणि परतीच्या टपालाचा खर्च. हा खर्च पाठवणंच अवघड. त्यासाठी ‘आंतरराष्ट्रीय उत्तर कूपन’ नावाची सोय १९०६ मध्ये ठरली. ते कूपन दुसऱ्या देशाच्या पोस्टात देऊन तिथली तिकिटं घ्यायची. पण अमेरिकेच्या टपाल खात्यानं २०१३ मध्ये त्याची विक्री बंद केली. बरेच जण सरळ डॉलरची नोट टाकतात, पण साध्या टपालातून नोटा पाठवायला अनेक देशांत मनाई आहे. शिवाय लिफाफे फोडले जातात ते वेगळंच. म्हणूनच जुने हॅम सांगतात की लिफाफ्यावर कॉलसाइन लिहू नका, आत पैसे आहेत हे चोराला लगेच कळतं.

दुसरा रस्ता ब्यूरो. प्रत्येक देशातली राष्ट्रीय संस्था, आपल्याकडे अॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया, सदस्यांची कार्डं गोळा करते. देशवार गठ्ठे करून परदेशी ब्यूरोंना पाठवते, तिकडून आलेले गठ्ठे फोडून सदस्यांना वाटते. शंभर लिफाफ्यांऐवजी एक पाकीट, त्यामुळे खर्च नगण्य. पण उत्तर यायला महिने, कधी कधी वर्षं लागतात. काही देशांत ब्यूरोच नाही, आणि समोरचा त्याच्या संस्थेचा सदस्य नसेल तर कार्ड वाया जाऊ शकतं. म्हणून पाठवण्याआधी तो ब्यूरोचं कार्ड घेतो का, हे पाहायचं.

दुर्मिळ ठिकाणाहून बोलणाऱ्या स्टेशनला हजारो कार्डं येतात. ती हाताळायला ‘क्यूएसएल मॅनेजर’ नेमलेला असतो, बहुतेक वेळा दुसऱ्याच देशात. आता क्लब लॉगसारख्या सेवेवर ऑनलाइन मागणी नोंदवता येते. तुम्ही तुमचं कार्ड पाठवायचंच नाही, पैसे भरायचे आणि त्यांचं कार्ड थेट घरी येतं. एका बाजूचं टपाल वाचतं.

मग सगळं ऑनलाइनच का नाही?

२०१७ मध्ये एफटी८ हा डिजिटल प्रकार आला. त्यात एक संपर्क साधारण दीड मिनिटात उरकतो. रोज पन्नास संपर्क झाले तर पन्नास कार्डं कोण लिहिणार?

एआरआरएलची ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ ही सेवा यासाठीच. यात कार्डाचा फोटो वगैरे काही नसतो. टीक्यूएसएल हे सॉफ्टवेअर तुमच्या नोंदींवर डिजिटल सही करतं. सहीची प्रायव्हेट की तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते, सर्व्हर पब्लिक कीनं सही तपासतो. दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळल्या, म्हणजे कॉलसाइन, बँड, पद्धत आणि वेळ, तर संपर्क पक्का. वेळेत अर्ध्या तासाचा फरक चालतो. छापील कार्ड खोटं बनवता येईल, ही सही बनवणं फार अवघड.

गंमत म्हणजे या डिजिटल भरवशाची सुरुवात टपालातूनच होते. अमेरिकेतल्या नव्या सदस्याला लायसन्सवरच्या पत्त्यावर पासवर्ड लिहिलेलं पोस्टकार्ड पाठवतात. आपल्यासारख्या बाहेरच्यांना लायसन्स आणि ओळखपत्राची प्रत द्यावी लागते. माणूस खरा आहे हे गणितातून सिद्ध होत नाही, ते कुणीतरी एकदा बघावंच लागतं.

२०२४ मध्ये काय बिघडलं?

मे २०२४ च्या मध्यात एआरआरएलच्या नेटवर्कवर रॅन्समवेअर हल्ला झाला. संस्थेनं १० लाख डॉलर खंडणी दिली, त्यातला मोठा भाग विम्यातून आला. लॉगबुकचा डेटा सुरक्षित असल्याचं संस्थेनं सांगितलं, पण खबरदारी म्हणून सेवा बंद ठेवली. ती सुरू झाली १ जुलैला.

सही तुटली नाही, नोंदी गेल्या नाहीत. तरीही दीड महिना जगातल्या कुणालाच नवी नोंद चढवता आली नाही की जुनी पाहता आली नाही. क्रिप्टोग्राफी चोख होती, पण सगळे एकाच दारातून आत जात होते. ते दार बंद झाल्यावर चोख गणित काही कामाला आलं नाही.

याउलट तुमच्या कपाटातलं कार्ड कुठल्याही सर्व्हरला विचारत नाही. डीएक्ससीसीसाठी ते नेमून दिलेल्या कार्ड तपासनिसाला समोर बसून दाखवता येतं.

म्हणून कागदच बरा म्हणायचं का? तर तेही नाही. अमेरिकेचं टपाल थांबलं तेव्हा कपाटातली जुनी कार्डं सुरक्षित होती, पण नवीन एकही जाऊ शकत नव्हतं. डेन्मार्कमध्ये तर १६२४ पासून चालत आलेली टपाल सेवा पोस्टनॉर्डनं ३० डिसेंबर २०२५ ला पत्रांसाठी कायमची बंद केली. आता तिथे पत्रं खासगी कंपनी पोचवते. म्हणजे कागद मिळाल्यावर पक्का, पण वाट कच्ची. सर्व्हरची वाट झटपट, पण मिळालेलं त्यांच्याच घरात.

मग करायचं काय?

१. मूळ लॉग स्वतःकडे ठेवा. एडीआयएफ ही साधी मजकुराची फाइल आहे, मोबाइलवरही उघडते. दोन वेगवेगळ्या ठिकाणी तिची प्रत हवी.

२. लॉगबुकमधून पक्क्या झालेल्या नोंदी अधूनमधून डाउनलोड करा. सहीच्या सर्टिफिकेटचा बॅकअप घ्या. ते तीन वर्षांनी संपतं, तारीख लक्षात ठेवा.

३. रोजचे संपर्क ऑनलाइन, नेहमीची कार्डं ब्यूरोनं, आणि पुन्हा मिळणार नाही अशा ठिकाणाचं कार्ड पैसे खर्चून थेट मागवा.

तुम्ही हॅम नसाल तर हाच हिशोब तुमच्या मार्कशीटला, फोटोंना आणि पगाराच्या स्लिपांना लावा. ‘अॅपमध्ये आहे’ याचा अर्थ अॅप चालू असेपर्यंत आहे, एवढाच. ज्या नोंदीवाचून तुमचं दीड महिना अडेल, तिची एक प्रत आजच स्वतःकडे उतरवून घ्या.