शहानिशेला सवड नाही, सत्याला मक्तेदार नको

भारत-पाकिस्तान संघर्ष शिगेला पोहोचला असताना, ८ मे २०२५ च्या रात्री काही वृत्तवाहिन्यांनी भारतीय नौदलाने कराची बंदरावर हल्ला चढविल्याचे वृत्त दिले. असा हल्ला झालाच नव्हता. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत ‘चिप’ असल्याचा शोधही असाच मोबाइलवरून वाहिन्यांच्या पडद्यावर पोहोचला होता. नऊ वर्षांत तंत्र सुधारले. खोड मात्र तीच राहिली.

‘आधी खातरजमा, मग प्रसिद्धी’ हा पत्रकारितेचा मूळ दंडक. छापील वृत्तपत्राच्या काळात तो पाळणे सोपे होते, कारण बातमी हाती येणे आणि अंक छापखान्यात जाणे यांत काही तासांचे अंतर असे. संबंधित अधिकाऱ्याला दूरध्वनी करणे, दुसऱ्या सूत्राकडून दुजोरा मिळविणे, याला त्या अवधीत वाव होता. डिजिटल तंत्राने हा अवधीच गिळंकृत केला. आता स्पर्धा शेजारच्या दैनिकाशी नसून हातोहाती असलेल्या मोबाइलशी आहे. चूक मागाहून दुरुस्त करता येते, असा युक्तिवाद केला जातो. परंतु मूळ बातमी जितक्या जणांपर्यंत जाते, तितक्यांपर्यंत दुरुस्ती क्वचितच पोहोचते. अफवेची किंमत महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मोजली. मुले पळविणारी टोळी असल्याच्या संशयावरून जमावाने तेथे पाच निरपराध भटक्यांचा बळी घेतला.

यावर केंद्र सरकारने योजलेला उपाय मात्र रोगाहून जालीम होता. एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून, सरकारी कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरविण्याचा अधिकार सरकारच्याच तथ्य-तपासणी कक्षाला देण्यात आला. विनोदकार कुणाल कामरा आणि एडिटर्स गिल्ड यांनी त्यास मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल व न्या. नीला गोखले यांच्यात मतभेद झाला. मार्चमध्ये कक्ष अधिसूचित होताच दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. अखेर २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली.

सत्याचा मक्ता सरकारकडे असू नये, हे त्या निकालाचे सार. मात्र त्यामुळे शहानिशेची जबाबदारी संपत नाही. ती वृत्तसंपादकाच्या टेबलावर परत येते. कराचीची रात्र त्या निकालानंतर आठ महिन्यांच्या आतच उजाडली, हे विसरता येणार नाही. माध्यमे स्वतःला आवर घालत नाहीत, तोवर नियंत्रणाचा आग्रह धरणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळत राहणार.

या व्यवहाराला दुसरीही बाजू आहे. बातमीदार विचारतो, तेव्हा उत्तर देणारा अधिकारीही हवा. मंत्रालयांचे दूरध्वनी मुके झाले, की त्या शांततेत अफवाच बोलू लागते. दहा मिनिटे थांबण्याचे धैर्य पत्रकाराने आणि दहा मिनिटांत खरे सांगण्याचे धैर्य प्रशासनाने दाखविले, तर न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ कोणावरच येणार नाही.